न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र: टाकीचा कागद नको, मातीचे आकडे मागा

नमस्कार मंडळी,

एडिसन, आयसेलिन, पार्सिपनी, ब्रिजवॉटर आणि आजूबाजूला जे कोणी सध्या घर शोधतायत त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि त्यांना शनिवार-रविवारी घरं दाखवत फिरणाऱ्या आपल्या मराठी एजंट लोकांसाठी तर जरा जास्तच. मी एन्व्हायर्नमेंटल कन्सल्टिंगमध्ये आहे, साध्या भाषेत सांगायचं तर लोकांच्या अंगणात भोकं पाडून माती बाहेर काढतो आणि लॅबला पाठवतो. गेल्या काही वर्षांत ह्या अंगणांत आपली माणसं खूप भेटायला लागलीत आणि दर वेळी तीच अंगणात पुरलेल्या तेलाच्या टाकीची कथा, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आपण घर बघताना काय काय बघतो ते आठवा. शाळेचं रेटिंग, ट्रेन स्टेशन किती लांब, दार पूर्वेला आहे का, ईशान्येला देवघर बसेल का, किचनला एक्झॉस्ट बाहेर काढता येईल का. रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची टेस्ट पण आता सगळे करतात, ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला की लगेच विकणाऱ्याकडून पंखा बसवून घेतात, छान आहे. पण घर १९७० च्या आधीचं असेल तर त्याच्या अंगणात तेलाची टाकी पुरलेली असू शकते हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते "हो हो, ती क्लोज केलीये, कागद आहे" एवढ्यावर समाधान मानतात. माझं भांडण ह्या दुसऱ्या लोकांशी आहे.

आधी थोडं मागचं. इकडे त्या काळात घरं गरम ठेवायला हीटिंग ऑइल वापरायचे, नंबर दोनचं तेल, डिझेलचाच सख्खा भाऊ. त्याची लोखंडी टाकी अंगणात, बहुतेक वेळा भिंतीपासून चार-पाच फुटांवर, जमिनीत पुरायचे. घरगुती टाकी साधारण ५५० गॅलनची, म्हणजे दोन हजार लिटरच्या आसपास, आडवी, चार फूट व्यासाची. पुढे गल्लीत गॅसची लाइन आली, लोकांनी बॉयलर बदलला, आणि टाकी राहिली तिथंच. कोणी रिकामी केली, कोणी वाळू भरली, कोणी तेलासकट तशीच सोडली आणि वर लॉन लावलं. लोखंड ते, आतून तळाशी साचलेलं पाणी खातं, बाहेरून ओली माती खाते, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्या भोकांतून तेल एकदम बदाबदा येत नाही, वर्षानुवर्षं झिरपत राहतं, आणि घरातल्या कोणाला पत्ता लागत नाही कारण बिलात फरकच पडत नाही, बिल तर गॅसचं येतंय.

खुणा असतात, बघायची सवय लागली की दिसतात. भिंतीला लागून वर आलेला, उगाच उभा असलेला बारीक पाइप (टाकीचा व्हेंट). लॉनमध्ये गवताखाली लपलेलं लोखंडी झाकण. बेसमेंटमध्ये भिंतीतून किंवा फ्लोअरमधून बाहेर आलेल्या तांब्याच्या दोन बारीक नळ्या, तोंडं चेपून बंद केलेल्या. पण खुणा नाहीत म्हणजे टाकी नाही असं समजू नका, नवीन सायडिंग लावताना व्हेंट कापून टाकणारे हुशार कॉन्ट्रॅक्टर मी पाहिलेत. म्हणून टँक स्वीप करून घ्या, दोन-चारशे डॉलरांचं काम आहे, मेटल डिटेक्टर आणि जमिनीत शिरणारा रडार घेऊन माणूस अंगणभर फिरतो. तुमचा नेहमीचा होम इन्स्पेक्टर हे करत नाही बरं का, ते वेगळं सांगावं लागतं. आणि स्वीपला पण मर्यादा आहेत, चिकणमातीत रडार खोल जात नाही, पॅटिओत सळई असली की डिटेक्टर ओरडतच राहतो, आणि मागची एक्स्टेन्शन खोली टाकीच्याच वर बांधली असेल तर देवच जाणे.

आता मुद्द्याचं. टाकी सापडली किंवा विकणारा म्हणाला की होती पण क्लोज केली, तेव्हा तो तुमच्या हातात एक कागद देतो. तो कागद बहुतेक वेळा टाउनशिपच्या कन्स्ट्रक्शन ऑफिसचा असतो, परमिट काढलं, इन्स्पेक्टर आला, शिक्का मारला. एजंट म्हणतो झालं काम, वकील म्हणतो फाइलला लावा. अहो पण त्या कागदात मातीबद्दल काय लिहिलंय ते कोणी वाचलंय का? काहीच लिहिलेलं नसतं! न्यू जर्सीत घरगुती टाकी बंद करताना गळतीचं चिन्ह दिसलं नाही तर माती तपासायची राज्याची सक्ती नाही, टाकी बंद करणं हे टाउनशिपच्या बांधकामाच्या नियमात बसतं आणि इन्स्पेक्टर बघतो ते टाकी नीट साफ केली का, भरली का. जिथे टाकी बाहेर काढली तिथे निदान खड्डा कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असतो, टाकी उलटीपालटी करून भोकं आहेत का ते पाहिलेलं असतं. पण जिथे वाळू किंवा फोम भरून जागेवरच सोडली तिथे टाकीच्या पोटाखाली काय आहे हे आजतागायत कोणीच पाहिलेलं नाही. आणि अशाच घरांचा कागद सगळ्यात जास्त अभिमानाने दाखवला जातो.

ह्याच्यापेक्षा वेगळा एक कागद असतो, राज्याच्या पर्यावरण खात्याचं, म्हणजे डीईपीचं, एनएफए (नो फर्दर ॲक्शन) पत्र, आता पुढे काही करायची गरज नाही असं सांगणारं. ते असेल तर उत्तम, कारण ते मिळतं तेव्हा गळती झाली होती, हॉटलाइनला कळवलं होतं, माती काढली आणि तपासली असा इतिहास त्याच्यामागे असतो. फक्त पत्र कुठल्या टाकीचं ते बघा. कधीकधी एका घरात दोन टाक्या असतात, पहिली गळली म्हणून शेजारी दुसरी पुरली, आणि पत्र दुसरीचं असतं. म्हणजे पत्र असलं तरी स्वीप कराच.

मागच्या वर्षी एका घरी गेलो होतो, गाव सांगत नाही. घर आपल्याच माणसांनी घेऊन झालेलं, परमिटचा जुना कागद फ्रेम करून ठेवावा इतका जपलेला, आणि आता मागे डेक बांधायचा म्हणून खोदताना वास आला. आम्ही जिओप्रोब घेऊन गेलो, ती छोटी रणगाड्यासारखी चालणारी गाडी असते, स्टीलचा पाइप ठोकत खाली नेते आणि आतल्या प्लॅस्टिकच्या नळीत मातीचा सलग खांब वर येतो. मिडलसेक्स, सॉमरसेटकडची माती लाल, खाली तांबडा शेल, कोकणातल्या माणसाला घरची वाटावी अशी. नळी चिरली तर पाच फुटांपर्यंत मस्त लाल, आणि सहाच्या पुढे लाल रंग उडून राखाडी-हिरवट झालेला. तेल मातीत शिरलं की तिथला ऑक्सिजन संपतो आणि मातीतल्या लोहाचा तांबडेपणा जातो, त्यामुळे हा पट्टा बघितला की लॅबच्या आधीच पोटात गोळा येतो. साताऱ्याहून आलेल्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्या जवळ आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर रॉकेल." माझ्या हातातला पीआयडी, म्हणजे वाफा मोजायचं मशीन, त्यावर आकडा फार मोठा नव्हता, जड तेलाच्या वाफा कमी निघतात त्यामुळे ते मशीन अशा वेळी थोडं फसवतंच. आजींचं नाक बरोबर होतं. लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झालं एवढंच.

तर आकडे म्हणजे कुठले आकडे मागायचे. हीटिंग ऑइलसाठी मातीची मुख्य टेस्ट असते ईपीएच, मातीतून काढता येणारे पेट्रोलियम हायड्रोकार्बन्स, आणि उत्तर येतं एका किलो मातीत किती मिलिग्रॅम असं. १००० च्या वर आकडा गेला की काही नमुन्यांत नॅफ्थलीन आणि २-मेथिलनॅफ्थलीन वेगळं तपासावं लागतं. रिपोर्ट हातात आला की शेवटचं पान बघून "पास का फेल" विचारू नका, आधी खोली बघा. चार फूट व्यासाची टाकी, तिच्यावर दोन-तीन फूट माती, म्हणजे तळ सहा-सात फुटांवर. गळती तळाला होते आणि तिथून खाली जाते. नमुना जर तीन फुटांवरून घेतला असेल तर तो स्वच्छ येणारच की, त्या मातीने तेल कधी पाहिलेलंच नाही! मग नकाशा बघा, टाकीच्या कुठल्या बाजूंना बोअर मारले, की ड्राइव्हवेकडून सोपं पडतं म्हणून एकाच बाजूला मारले. चार ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना केला असेल तर तो रिपोर्ट मला दाखवू पण नका. नमुना काचेच्या बाटलीत, बर्फाच्या कूलरमध्ये गेला का, आणि कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला त्याचा चेन ऑफ कस्टडीचा फॉर्म जोडलाय का, हेही दिसतं रिपोर्टमध्ये. लॅब न्यू जर्सीने सर्टिफाय केलेली हवी आणि काम करणारी कंपनी डीईपीची सर्टिफाइड, ती यादी डीईपीच्या साइटवर कोणीही बघू शकतो.

आमच्या धंद्याची एक वाईट बाजू पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. जी कंपनी माती तपासते तीच माती खणून न्यायचं काँट्रॅक्ट पण घेते, आणि खणलेल्या मातीचं बिल टनावर लागतं. त्यामुळे "सर, लीक आहे, उद्याच खणायला लागेल" असं कोणी खड्ड्याच्या काठावर उभं राहून घाई करायला लागलं तर थांबा, लॅबचा आकडा लेखी मागा, वाटलं तर दुसऱ्या माणसाकडून शेजारी एक बोअर मारून घ्या. बरीच गळती छोटी असते आणि आटोक्यात असते. तेल दिसलं म्हणजे घर गेलं असं नाही.

वाफेचं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि त्याबद्दल लोकांत एकतर शून्य माहिती नाहीतर भयंकर भीती. मातीच्या कणांमध्ये हवा असते, तेलातले उडणारे पदार्थ त्या हवेत येतात, हीच सॉइल व्हेपर. हिवाळ्यात घर आतून गरम, गरम हवा वर जाऊन छतातून निसटते आणि बेसमेंट जमिनीतली हवा भेगांतून, संप पंपाच्या (बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यातून आत ओढून घेतं. रेडॉन पण असाच येतो. पण पेट्रोलियमच्या बाबतीत एक दिलासा आहे, जमिनीतले जिवाणू ऑक्सिजन मिळाला की ह्या वाफा खाऊन टाकतात, काही फुटांच्या स्वच्छ मातीत त्या संपतात. म्हणूनच ड्रायक्लीनिंगच्या सॉल्व्हंटसाठी इथे प्रदूषणापासून १०० फुटांच्या आतली घरं तपासतात आणि पेट्रोलियमसाठी ३० फुटांच्या. ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने, २०१५ मध्ये पेट्रोलियमच्या वाफेसाठी वेगळं मार्गदर्शन काढलं ते ह्याच कारणाने. पण घोळ असा की पेट्रोल पंप घरापासून लांब असतो, आपली टाकी भिंतीपासून चार फुटांवर. ३० फुटांच्या आत अख्खं घर आलं. त्यात तेल भूजलापर्यंत पोचून वर तरंगायला लागलं, किंवा संपच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी साय दिसली, किंवा पावसानंतर बेसमेंटमध्ये वास येतो, तर मग मातीवर भागत नाही, वाफ तपासावीच लागते.

ती कशी तपासतात, तर बेसमेंटच्या काँक्रीटला बोटाएवढं भोक पाडून त्यात पितळी किंवा स्टीलची पिन घट्ट बसवतात. मग पिनेभोवती हेलियम सोडून बघतात की खोलीतली हवा तर आत खेचली जात नाहीये ना, नाहीतर आपण जमिनीच्या ऐवजी बेसमेंटचीच हवा मोजत बसू. सगळं घट्ट असलं की स्टीलचा गोल डबा जोडतात, सुमा कॅनिस्टर, तो आतून निर्वात असतो आणि हळूहळू हवा ओढून घेतो. स्लॅबखालचा आकडा जास्त आला तर घरातली हवा २४ तास अशाच डब्यात गोळा करतात.

आणि इथे आपल्या घरांचा खास प्रॉब्लेम. घरातली हवा घ्यायच्या आधी आम्ही यादी देतो, पेंट, थिनर, नेलपॉलिश, लॉनमोवरचं पेट्रोल सगळं दोन-तीन दिवस आधी बाहेर काढा. लोक इमानेइतबारे काढतात. पण बेसमेंटच्या कपाटात भारतातून आणलेल्या बॅगा असतात, त्यात आईच्या पैठण्या, आणि पैठण्यांमध्ये डांबरगोळ्या. डांबरगोळी म्हणजे शुद्ध नॅफ्थलीन हो! आम्ही जे शोधतोय तेच. एका घरी हवेतला नॅफ्थलीनचा आकडा एवढा आला की सगळे हादरले, स्लॅबखाली मात्र जवळजवळ काही नाही, आणि शेवटी सापडली ती ट्रंक. उदबत्तीच्या धुरात बेन्झीन असतं, त्यामुळे टेस्टच्या दिवसांत देवासमोर नुसता तुपाचा दिवा लावा आणि तोही वरच्या मजल्यावर. वहिनींना हे सांगताना मला फार अवघड जातं पण सांगावं लागतं. म्हणूनच स्लॅबखालचा नमुना आणि घरातला नमुना दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे, एकटा घरातला आकडा बघून घाबरायचं नाही आणि खूशही व्हायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात, मी वकील नाही पण रोज ह्याच गोष्टी ऐकतो. न्यू जर्सीचा स्पिल ॲक्ट, म्हणजे तेल-रसायनं जमिनीत सांडल्याची जबाबदारी ठरवणारा कायदा, कडक आहे, तेल तुम्ही सांडलं नसलं तरी क्लोजिंग (म्हणजे घर तुमच्या नावावर) झाल्यावर दारात उभे राहणारे सगळे तुमच्याकडेच बघतात. जुन्या मालकाकडून पैसे मागता येतात, आणि २०१५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मॉरिसटाउन असोसिएट्स विरुद्ध ग्रँट ऑइल ह्या खटल्यात सांगितलं की स्पिल ॲक्टखाली असा वाटा मागायला मुदतीची अट लागत नाही. तो खटला पण हीटिंग ऑइलच्या टाकीचाच होता. ऐकायला मस्त वाटतं, पण फ्लोरिडाला रिटायर झालेल्या किंवा वारलेल्या मालकाच्या मागे कोर्टात धावणं आणि क्लोजिंगच्या आधी एक टेस्ट करणं ह्यात सोपं काय ते तुम्हीच ठरवा. होमओनर्स इन्शुरन्स बहुतेक वेळा स्वतःच्या मातीचं प्रदूषण वगळतो, भूजलापर्यंत गेलं तर कधीकधी मदत होते, पॉलिसी वाचा. खर्च काही हजारांत आटपतो किंवा घराखालची माती काढायची वेळ आली तर लाखाच्या घरात पण जातो.

विकणारे बोअर मारू द्यायला का कुरकुर करतात तेही समजून घ्या. तेल सापडलं की डीईपीच्या हॉटलाइनला कळवावं लागतं, मग फाइल उघडते, घर तुम्ही घेतलं नाही तरी ती फाइल त्यांच्याच गळ्यात राहते. त्यामुळे "स्वीप करा, पण खणायचं नाही" असं उत्तर येतं. हे उत्तर आलं की मला तरी अर्धा रिपोर्ट मिळाल्यासारखं वाटतं. अशा वेळी वकिलाला सांगून टाकी काढणं आणि मातीचे आकडे देणं हे विकणाऱ्याच्या गळ्यात घाला, क्लोजिंगच्या आधी, त्याच्या खर्चाने. ॲटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे सही झालेलं काँट्रॅक्ट वकिलाने तपासायचे, तीन वर्किंग दिवस मिळतात, ही अट घालायची जागा तीच. आणि टाउनशिपकडे ओप्रा रिक्वेस्ट टाका, आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखंच आहे, त्या पत्त्यावरची सगळी जुनी परमिटं मागा, साधारण सात वर्किंग दिवसांत उत्तर येतं. तेलाचा बॉयलर काढून गॅसचा बसवल्याचं परमिट सापडलं आणि टाकी काढल्याचं सापडलं नाही, तर टाकी कुठे गेली हा प्रश्न विचारायला रडार पण लागत नाही.

कोणी म्हणेल एवढं काय, एका घराची टाकी ती. खरंय, आपल्या टाक्या छोट्या आहेत. पण लॉस एंजेलिसजवळ कार्सनमध्ये कॅरूसेल नावाची वस्ती आहे, २८५ घरं, १९६० च्या दशकाच्या शेवटी शेल कंपनीच्या कच्च्या तेलाच्या जुन्या टाक्यांच्या जागेवर उभी राहिली. माती आणि मातीतली वाफ कोणी नीट तपासली ती २००८ मध्ये, आणि तेही शेजारच्या एका जागेची चौकशी चालू होती म्हणून. बेन्झीन, मिथेन निघालं, २०११ मध्ये तिथल्या वॉटर बोर्डाने शेलला साफसफाईचा आदेश दिला आणि मग घरोघर अंगणं खणणं सुरू झालं. चाळीस वर्षं लोक तिथे राहत होते, टॅक्स भरत होते, घरं विकत-घेत होते, आणि प्रत्येक व्यवहाराचे कागद अगदी व्यवस्थित होते.

एजंट मंडळींना एक विनंती. बिडिंग वॉर मध्ये ऑफर मजबूत करायला "इन्स्पेक्शन वेव्ह करा", म्हणजे तपासणीची अट सोडून द्या, असा सल्ला तुम्ही देता, धंदा आहे, समजतं. छप्पर वेव्ह करा, डेक वेव्ह करा, जुना डिशवॉशर वेव्ह करा. टाकी करू नका. आणि विकणारा घराची माहिती भरून देतो त्या डिस्क्लोजर फॉर्मवर अंडरग्राउंड टँकच्या प्रश्नापुढे "माहीत नाही" अशी खूण दिसली तर ती "नाही" म्हणून क्लायंटला वाचून दाखवू नका, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मराठी मंडळं वसंतात घर खरेदीचं सेमिनार ठेवतात, त्यात मॉर्गेजवाला असतो, वकील असतो, वास्तूवाले पण असतात. त्यात अर्धा तास ह्याला द्या. मी येईन, फुकट येईन, राखाडी मातीची नळी आणि पिन आणि डबा सगळं घेऊन येईन. आणि ज्यांचं घर आत्ता ॲटर्नी रिव्ह्यूमध्ये आहे त्यांनी सेमिनारची वाट बघू नका, आजच वकिलाला ईमेल टाका की टाकीचा स्वीप झालाय का, आणि टाकी होती तर मातीचा लॅब रिपोर्ट कुठाय, नमुन्यांच्या खोलीसकट.

आपला,
मिडलसेक्स काउंटीतला एक माती खणणारा